किती वेळा, लिसिआते?

मांगेरे, ऑकलंड
३ मे

लिसिआते,

चर्चमधली एक बाई उद्या आपल्या बेटावर, गावी निघालीय, तिच्या पिशवीत हे पत्र टाकतेय. फोन केला की तू 'हं' म्हणतोस, फोन मेलेआने वहिनीच्या हातात देतोस आणि डुकरं हाकलायला उठतोस. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन उठता येत नाही. पाकीट नीट चिकटवलंय, वर तुझंच नाव घातलंय.

मी सुखरूप पोचले. पिसिलानं मागची खोली दिलीय. नणंद म्हणून काही कमी करत नाही, जरा जास्तच करते. सकाळी डोळे उघडले की गादीच्या कडेला चहा घेऊन बसलेली असते आणि माझ्या तोंडाकडे बघत असते. नवरोबाचा, फेलेतीचा, फोन आला होता. ऑस्ट्रेलियात यंदा संत्री उशिरा लागली, त्यामुळे तोडणी संपेपर्यंत त्याला येता यायचं नाही. मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते. आतून काही वाटतच नाही रे. दात काढल्यावर ओठ कसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालंय.

मुद्दा शेवटी लिहायचा ठरवलं होतं, कारण आधी लिहिला तर तू पत्राची तिथंच घडी घालशील. पण बाकी लिहिण्यासारखं काही नाहीच.

वहिनीनं तुला सांगितलं ते खरं आहे. एप्रिलमध्ये तू मला त्या सीटी स्कॅनच्या यंत्रात सरकवलंस तेव्हा मी एकटी आत गेले नव्हते. यापेक्षा उघड मला लिहिता येत नाही आणि तुला वाचता येणार नाही.

इथली डॉक्टर बरी आहे. ब्रॉन्विन नाव. घाई करत नाही आणि खोटं हसत नाही. ती म्हणाली, सगळं किरण किती लागले त्यावर आहे. थोडे असतील तर पोटातल्याला काही होत नाही. फार असतील तर विचार करावा लागतो. आणि किती लागले ते ठरतं तुम्ही त्या कड्यातून किती वेळा गेलात आणि दर वेळी किरण किती जोराचे होते त्यावर. मला एवढंच आठवतं की टेबल आत गेलं, बाहेर आलं, मधेच अंधार झाला, पुन्हा आत गेलं. दोनदा की तीनदा, की त्याहून जास्त, ते मला सांगता येईना. पोट इतकं दुखत होतं की मी छताकडे बघत स्तोत्र म्हणत होते.

तर, किती वेळा, लिसिआते? तेवढं कळव.

एसेता


मांगेरे
११ मे

लिसिआते,

पेटी मिळाली. कंद चांगले आहेत, वहिनीनं विणलेली चटईही चांगली आहे. मी पेटी उलटी करून झटकली, कागदाचे गोळे उलगडून बघितले. चिठ्ठी नाही. मी आकडा मागितला आणि तू कंद पाठवलेस. लहानपणापासून घुम्या तो घुम्याच राहिलास.

डॉक्टरनं आपल्या इस्पितळाला लिहिलं होतं. उत्तर आलं की ते काम बघणारा माणूस कामावर येत नाही आणि त्या यंत्रातलं त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही. मी येताना जी चकती आणली तिच्यात चित्रं आहेत, आकडे नाहीत. चित्रं बघून डॉक्टर म्हणाली, "एकापेक्षा जास्त वेळा काढलेलं दिसतंय. बहुतेक ठीक असेल." मी म्हटलं, "बहुतेक म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे आकडे मिळाल्याशिवाय मी सही करून देणार नाही." बाई सरळ आहे. पण 'बहुतेक'वर मला झोप लागत नाही.

तुला दोष देत नाही. खरं तर तो दिवस मला कुणाच्याच नावावर लिहिता येत नाही. ईस्टरच्या गाण्याच्या तालमीहून आम्ही ट्रकच्या मागे बसून येत होतो, वळणावर ट्रक कलंडला, माझ्या पोटावर दोन बाया आणि एक ढोल पडला. आत रक्त साचत असेल अशी डॉक्टरांना भीती वाटली. यंत्रात घालणं भागच होतं, हे इथली डॉक्टरही म्हणते. आणि यंत्र चालवणारा त्या बेटावर एकच माणूस, माझा भाऊ.

बायकांना 'ते' विचारायचं काम सिऊ नर्सचं. सिऊ कानाशी लागते, बाई मान हलवते, सिऊ काचेतून तुला अंगठा दाखवते किंवा दाखवत नाही. इतकी वर्षं तसंच चाललंय. पण सिऊची आत्या वारली होती आणि आपल्याकडे मयताला गेलेलं माणूस आठवडाभर तरी हाताला लागत नाही. म्हणून तू दाराशी पाठमोरा उभा राहिलास आणि भिंतीला विचारलंस, "यंत्राला काही सांगायचंय का?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तू वयात आलास त्या दिवशी बाबांनी तुझी चटई उचलून पोरांच्या झोपडीत नेली. तेव्हापासून आपण एका छपराखाली झोपलो नाही. मी खोलीत आले की तू टीव्ही बंद करायचास, न जाणो पडद्यावर कोण कुणाचा मुका घेईल. माझं लग्न ठरलं तेव्हा तू महिनाभर माझ्या वाटेलाच आला नाहीस. आणि मी तुझ्या पाठीला सांगायचं की माझी पाळी चुकलीय?

लिहिला शब्द. राहू दे आता.

शिवाय याआधी दोनदा राहिलेलं टिकलं नव्हतं. तिसऱ्यांदाही टिकणार नाही असंच मी धरून चालले होते. मी ते स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते, तुझ्याशी कुठून बोलणार?

आता पिसिलाचं ऐक. ती ज्या घरात कामाला आहे तिथं जन्मापासून अपंग असलेली मुलं असतात. काल भांडी विसळता विसळता म्हणाली, "एसेता, मी रोज ज्या पोरांना भरवते ना, त्यांच्या आयांची दशा मी बघते. तुला ते झेपायचं नाही."

"त्यांच्या आया यंत्रात गेल्या होत्या का?"

"ते मला काय माहीत. पण काहीतरी झालंच असेल ना. मी अठ्ठावीस तारखेची वेळ घेऊन ठेवलीय, गुरुवारी. इथं कायद्यानं चालतं. गावात कुणाला पत्ता लागायचा नाही."

"आणि देवाला?"

"देवाशी मी बोलते. तू फक्त डॉक्टरशी बोल."

मी बरं म्हटलं. ती ताटल्या पुसत राहिली, मी पुसलेल्या मांडत राहिले. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर ताटली फुटली असती. मला रडूसुद्धा आलं नाही. अठ्ठावीसला जाऊन झोपायचं आणि उठून यायचं, असं मी मनात म्हणून बघितलं, आणि ते दुकानातून पाव आणायला जाण्याइतकं सोपं वाटलं. त्याचीच मला जरा भीती वाटली.

आकडा कळव.

एसेता


मांगेरे
१९ मे

लिसिआते,

वहिनी म्हणाली, तू इस्पितळाची पायरीच चढत नाहीस. सकाळी कोयता घेऊन वाडीत जातोस, काही कापत नाहीस, व्हॅनिलाच्या वेलांखाली बसून राहतोस. मिठाची गुळणी धरलीय नुसती. बदलीवर आलेला माणूस त्या कड्याच्या यंत्राला हात लावत नाही, पण साधा फोटो मागेल त्याचा मागेल तेवढा काढतो म्हणे, आणि लोक खूश आहेत. तुला लोक काय म्हणायचे ते आठवतं? फोटोचा कंजूष. घोटा मुरगळलेला बाप्या मासे घेऊन यायचा, म्हणायचा आलोच आहे तर डोक्यापासून काढ, आणि तू मासे परत पाठवून फक्त घोट्याचा काढायचास. पोराला धरायला आत घुसणाऱ्या आयांना हाताला धरून बाहेर काढायचास. नव्या डॉक्टरांना तोंडावर विचारायचास, यातून तुम्हाला काय कळणार आहे ते आधी सांगा. बेटावरच्या निम्म्या लोकांच्या अंगात कमी किरण गेले ते तुझ्या हट्टामुळे. आणि माझ्या वेळी तू भिंतीशी बोललास.

मी रागावलेली नाही. रागवायलाही काहीतरी वाटावं लागतं.

तू मला उत्तर देणार नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय. भावानं बहिणीला असलं सांगायचं नसतं आणि बहिणीनं भावाला विचारायचं नसतं. बरोबर आहे. मग मी विचारत नाही. मी हे पत्र माझ्यासाठी लिहीतच नाहीये.

आपल्यात बहिणीचं मूल मामाच्या डोक्यावर बसतं. फाहू म्हणतात त्याला, आणि फाहूला नाही म्हणायची कुठल्याच मामाची छाती नाही. तू सात-आठ वर्षांचा असताना मामाच्या घरी भर जेवणात उठलास आणि त्याचं सर्वांत मोठं डुक्कर दोरीला धरून आपल्या घरी घेऊन आलास. पाहुणे बघत राहिले. मामा हसला आणि म्हणाला, त्याचंच आहे, नेऊ दे. मामी आठवडाभर बोलत नव्हती, पण डुक्कर कुणी परत मागितलं नाही.

तर तुझा फाहू इथं मांगेरेत आहे. त्याला अजून हात आहेत की नाहीत मला माहीत नाही, दोरी धरता येत नाही. पण तो मागतोय. डुक्कर नको, चटई नको, कंदही नकोत. यंत्रातून किती वेळा आणि किती जोरानं, एवढंच मागतोय. अठ्ठावीसच्या गुरुवारच्या आत हवंय, कारण त्यानंतर मागायला तो नसेल.

द्यायचं की नाही ते तुझं तू बघ.

एसेता


मांगेरे
२५ मे

लिसिआते,

काल काय झालं ते मी तुला सांगते. तुला त्यातलं काही माहीत नाही, आणि मीही काही ऐकलं नाही, असं दोघांनी धरून चालू.

चर्चहून येऊन आम्ही जेवत होतो. वहिनीचा फोन आला. म्हणाली, "एसेता, फोन पोटावर ठेव. आणि तू बोलू नकोस. तुझ्याशी कुणी बोलत नाहीये."

मी ताट बाजूला सारलं, तुझ्या पेटीतल्या चटईवर आडवी झाले आणि स्पीकर लावून फोन पोटावर ठेवला. पिसिला हातात डाव घेऊन तशीच उभी. आधी कोंबडा ऐकू आला. मग कुणीतरी खाकरलं.

"मालक," आवाज आला, "मी तुमचा मामा."

पिसिला माझ्याकडे बघून ओठांनीच म्हणाली, "कोण मालक?" मी तिला गप्प राहायची खूण केली.

"तीनदा, मालक. पहिल्यांदा फासळ्यांपर्यंत आलं आणि वीज गेली. ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही म्हणा. दुसऱ्यांदा पूर्ण गेलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांना पुन्हा बघायचं होतं, नाही म्हणता आलं नाही, पण जोर मी निम्म्यावर आणला. त्याच्याही खाली आणला असता तर काही दिसलं नसतं आणि चौथ्यांदा घालावं लागलं असतं."

मग आकडे सांगितले. एकेक, सावकाश, पुन्हा एकदा पहिल्यापासून. मी हात पुढे केला, पिसिलानं डाव ठेवून पेन दिलं, मी तळहातावर लिहून घेतले. आवाज कुठंही अडखळला नाही. कामाचं बोलताना तो कधीच अडखळत नाही, असं मी ऐकून आहे.

शेवटी म्हणाला, "तुमच्या आईला मी नीट विचारलं नाही, मालक. मला तोंड नव्हतं." आणि फोन बंद झाला.

पिसिला खाली बसली. तिला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. "आमच्या फेलेतीला यातलं काहीसुद्धा ठाऊक नाही आणि तिकडं एक माणूस पोटाशी बोलतोय," असं म्हणत होती. मी उठून तिला पाणी दिलं.

आज हात न धुता डॉक्टरकडे गेले. तिनं माझा तळहात दिव्याखाली धरला, आकडे संगणकात घातले, माझी जाडी विचारली, दिवस विचारले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "किरणांचं माप चाळीसच्या आत येतंय. शंभराच्या खाली असताना मूल काढा असं आम्ही कुणाला सांगत नाही."

"म्हणजे काही होणार नाही?"

"व्यंग वगैरे या किरणांमुळे होईल असं मला वाटत नाही. पुढे कधी मोठा आजार व्हायची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचित जास्त राहते. शून्य आहे असं मी म्हणणार नाही."

मी म्हटलं, मी शाळेत गणित शिकवते, किंचित म्हणजे किती ते मला समजतं. मग ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "ज्यानं तिसऱ्या वेळी जोर निम्म्यावर आणला त्याला माझा नमस्कार सांगा. घाईत कुणी एवढा विचार करत नाही." तो नमस्कार मी आपली इथं लिहून ठेवते. कुणाचा असेल त्यानं घ्यावा.

गुरुवारची वेळ पिसिलानं स्वतःच फोन करून रद्द केली. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "मग मी देवाशी आता काय बोलू?"

"काही नको. झोप."

तुला वाटेल, आता ही आनंदात असेल. नाही रे. बसमध्ये खिडकीशी बसून आले आणि रस्ता बघितला. एवढं खरं की तळहात धुवावासा वाटेना.

आणखी एक. फाहूचं मागणं संपलेलं नाही. तो म्हणतो, मामानं कामावर परत जावं. सिऊ असो की नसो, समोर येणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतः विचारावं. तिच्याकडे तोंड करून, पूर्ण शब्दांत, भिंतीला नाही. मामाला लाज वाटेल, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून ती लाज तो घेऊन चाललाय, त्या डुकरासारखी, दोरीला धरून. ती आता तुझी राहिली नाही. परत मागू नकोस.

एसेता


मांगेरे
३० ऑगस्ट

लिसिआते,

तू पत्र लिहीत नाहीस याची मला आता सवय झालीय. दर महिन्याला पेटी येते. कंद मी खाते.

फेलेती आला, पुन्हा परत गेला. जाताना माझ्या पोटाशी बोलायला वाकला आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. मी म्हटलं, मामाला विचार, त्याला येतं. त्याला काही कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आत हलतं. आधी मला वाटलं वायू आहे. मग एकदा वर्गात मी सवयीनं पोटावर पाटी टेकवून बसले तर पाटी हलली. इथं चर्चच्या मुलांना मी रविवारी शिकवते, त्यांची पाटी. मुलांनी बघितलं. एक कार्टं म्हणालं, "बाईंची पाटी जिवंत आहे." मी त्याला गप्प बस म्हटलं आणि पाटी तशीच ठेवली. किंचित म्हणजे किती, ते गणित मी रोज करते. रोज तेवढंच येतं. ते आयुष्यभर करावं लागणार, हे आता मी धरून चाललेय. तो बधिर ओठ पुरता आपला झाला नाही अजून, पण चहा गरम आहे एवढं कळतं.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल वहिनीचा फोन आला. ती हसत होती, मधेच रडत होती, म्हणून सलग कळायला वेळ लागला. तुझा ओठ फाटलाय म्हणाली, दोन टाके पडलेत.

चर्चच्या पंचातल्या एकाची मुलगी पोट धरून आली होती, असं ती म्हणाली. सोबत तिचा चुलतभाऊ. आपल्यात चुलत काय आणि सख्खा काय, सारखाच. सिऊ दुसऱ्या वॉर्डात होती. तू थांबला नाहीस. त्या मुलीच्या समोर जाऊन उभा राहिलास आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलंस, "तू गरोदर आहेस का?" लग्न न झालेली मुलगी. भाऊ शेजारी. ती खाली बघून नाही म्हणाली, आणि भावानं तुला एक ठेवून दिली.

वहिनी म्हणाली, तू त्याला उलट मारलं नाहीस. त्याला दंडाला धरून बाहेर नेलंस, दार लावलंस, बाहीनं रक्त पुसलंस आणि परत तिच्यासमोर येऊन तेच विचारलंस. त्याच शब्दांत. ती हो म्हणाली. मग तू तिला त्या यंत्राकडे नेलंच नाहीस, सोनोग्राफीवर पाठवलंस. तिला मुतखडा निघाला. तो भाऊ अजून दारात बसून तुझ्या नावानं शंख करतोय आणि मुलीचा बाप तुझ्यावर तक्रार करणार आहे. वहिनीला त्या तक्रारीचीच काळजी लागून राहिलीय. मी तिला म्हटलं, करू दे.

मग फोन ठेवला आणि मी मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. पिसिला बाहेरून हाका मारत होती. एप्रिलपासून जे रडू आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. त्या मुलीसाठी आलं की माझ्यासाठी, मला सांगता येत नाही.

तू तिला दोनदा विचारलंस, लिसिआते. मला एकदाच विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मीही हो म्हटलं असतं.

एसेता